वर खाट कोण ओढतंय?

आधीच सांगते – भूत, पितर, बाहेरचं काही, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही तो ठेवायला मी तयार नाही. असले अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचते ते करमणूक म्हणून. त्यामुळे हे वाचून कुणी "ताई, घराची शांती करून घ्या" असं लिहिणार असेल तर कृपा करून लिहू नका. आमच्या कॉलनीतले निम्मे लोक ते आधीच सांगून गेलेत, आणि मी त्यांना चहासुद्धा विचारलेला नाही. झालेला प्रकार आठवला की मला भीती वाटत नाही, राग येतो. कुणाचा, ते पुढे येईलच.

आम्ही जळगावला राहतो. हायवेने नशिराबादकडे निघालं की उजव्या हाताला ज्या नव्या कॉलन्या झाल्यात, त्यातल्या एका रो-हाऊसमध्ये. घरात दोघंच – मी आणि माझे वडील, आबा. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. ती गेल्यावर घरून काम मागून घेतलं आणि इकडे आले. मोठा भाऊ धुळ्याला असतो, बायको-मुलांसह. आमचं मूळ गाव सोनगीरच्या पुढे, म्हणून आबा अजूनही घरात अहिराणीच बोलतात.

घर एकमजली. वर मोकळी गच्ची, तिचा जिना घराच्या बाहेरून. माझी खोली बरोबर त्या स्लॅबखाली. वर कुणी चप्पल घासली तरी मला खाली कळतं.

आता मुद्द्याचं... मी गेम खेळते. वय चौतीस, लग्न नाही, आणि सुट्टीच्या दिवशी मी कॉम्प्युटरवर गेम खेळते. नातेवाइकांना यातली नेमकी कुठली गोष्ट जास्त खुपते ते अजून ठरलेलं नाही. गेम म्हणजे मोबाईलवरच्या गोळ्या फोडायचा नव्हे. मोठा रोल-प्लेइंग गेम, संपायला महिनोन् महिने जातात. एक योद्धा बाई असते, मी तिचं नाव तापी ठेवलं होतं. तिने राज्यभर हिंडायचं, माणसं जमवायची, सोपवलेली कामं म्हणजे 'क्वेस्ट' पुरी करायची, लढायचं. वाटेत ठिकठिकाणी तळ असतात. तिथे शेकोटीपाशी तिला झोपवलं की तिची ताकद भरून येते. तापीला मी कधी थकू दिलं नाही, प्रत्येक तळावर नेमाने झोपवलं. मी स्वतः मात्र सकाळी चहा घेऊन बसले की "एवढं क्वेस्ट झालं की उठते" असं म्हणत म्हणत दुपार करायची. पाठ धरायची, डोळे चुरचुरायचे, तोंडाला कोरड पडायची. गेमवाल्यांना हे सांगायला नको. आणि ते एवढं कधीच एवढं नसतं.

पहिल्यांदा आवाज आला तो एप्रिलमध्ये, रविवारी. मी सकाळपासून बसलेली. समोर एक अवघड लढाई, तिसऱ्यांदा हरलेली. आणि वर स्लॅबवर खर्रर्र... करून काहीतरी ओढलं गेलं. थांबलं. पुन्हा खर्रर्र.

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. लोखंडी खाट ओढल्याचा. खानदेशात उन्हाळ्यात बिबडे करतात हे इकडच्यांना माहीत आहे. बाहेरच्यांसाठी सांगते – ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, भरडून तिचा लसूण-तीळ घालून घाटा शिजवायचा, आणि तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीने जातात. आई खाटेवर जुनं लुगडं अंथरून त्यावर बिबडे वाळवायची. ऊन सरकलं की खाट सरकवायची, आणि बिबडे उलटायला मला हाका मारायची. "ऊठ व माय, उलथी टाक. एकच बाजू तापी ऱ्हायनी." मी पुस्तकात डोकं घालून बसले की मलाही तेच सांगायची. "एकाच बाजूनी वाळशी ते तडकशी." बिबडे आणि मुलगी, तिच्या लेखी दोन्ही सारखंच.

मी चरफडत वर गेले. गच्ची रिकामी. पाण्याची टाकी, दोन वाळत घातलेले टॉवेल, आणि पायाला चटके. खाट असण्याचा प्रश्नच नव्हता, ती आई गेल्यावर भाऊ धुळ्याला घेऊन गेला होता.

खाली आले तर तापी मेलेली. पॉज करायला मी विसरले होते.

पुढच्या रविवारी तेच. मग मी शेजारच्या पाटील काकूंशी भांडले. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे. म्हटलं, काकू, भर दुपारी कसली ओढाओढ करता? त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे खाटच नाही बाई. सगळे दिवाण केले आम्ही. ओढू काय?" वर मला घरात बोलावून दाखवलेही. मग मला माफी मागावी लागली, त्याचा राग वेगळाच.

हळूहळू माझ्या एक लक्षात आलं. मी खेळत असले आणि बराच वेळ उठले नसले, तरच खाट वाजायची. मध्ये उठून पाणी पिऊन आले, दारापर्यंत जाऊन आले, तर गच्ची चिडीचूप. ऑफिसचं काम करताना तासन् तास बसते, तेव्हा कधी नाही. फक्त गेमला. हे कळल्यावर तर माझं टाळकंच सरकलं. म्हणजे आईने जिवंतपणी टोकलं ते पुरलं नाही का? मी हेडफोन घातले, चांगले महागाचे, बाहेरचं काही ऐकू न येणारे. आवाज तेवढाच आला. आबांना विचारलं, "वर काही वाजतंय का?" ते म्हणाले, "माले ते काही ऐकू नही ये." त्यांना तसं कमीच ऐकू येतं.

शेवटी मी हार मानली. मोबाईलवर गजर लावला. गजर झाला की सेव्ह करायचं, उठायचं, पाणी प्यायचं, हॉलमध्ये आबांना बघून यायचं, मान-पाठ मोकळी करायची, मगच परत बसायचं. खाट बंद झाली. पाठही दुखायची थांबली आणि लढायाही जिंकायला लागले, पण ते मी मोठ्याने कबूल केलं नाही. कुणापाशी करणार?

त्याच सुमाराला भाऊ धुळ्याहून आला. जेवण झाल्यावर विषय काढला, "आबांना मी घेऊन जातो. त्यांना शुगर, त्यात हा उन्हाळा. तू दिवसभर त्या गेमपुढे. इथं ते पडले-झडले तर तुला कळेल तरी का?"

मी म्हटलं, "तू ऑफिसात बसून असतोस तेव्हा तुला धुळ्यात कळणार आहे का?"

"तुझ्या वहिनीला कळेल."

म्हणजे वहिनीने बघायचं. मी ताट उचललं आणि आत गेले. आबा एवढंच म्हणाले, "मी कोठेच जाव नही. आठेच बरा शे." भाऊ जाताना मला म्हणाला, "काही झालं तर मग जबाबदारी तुझी." आबांना कुणीतरी उचलून नेणार, आणि कारण माझा गेम असणार, ही धास्ती तेव्हापासून डोक्यात बसली.

मेच्या शेवटी शेवटी, असाच एक रविवार. जळगावचा मे काय असतो हे जळगावकरांना सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलर लावून मी बसले होते. गजराप्रमाणे उठले, पाणी प्यायले, आबा हॉलमध्ये पंख्याखाली आडवे झालेले बघितले, येऊन बसले. सगळं रीतसर. आणि थोड्या वेळाने वर – खर्रर्र.

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. आत्ताच तर उठले होते. आता काय मिनिटामिनिटाला उठू? ठरवलं, नाहीच उठायचं. वाजू दे काय वाजायचं ते. खाट ओढली गेली, थांबली, परत ओढली गेली. याआधी दोन-तीनदा वाजून थांबायची, या वेळी थांबेना. मी दात-ओठ खात खेळत राहिले. मग अख्ख्या गच्चीवरून कुणी फरफटत न्यावी तशी वाजली. मी हेडफोन फेकला, तणतणत बाहेरून जिना चढले आणि वर पोचायच्या आधीच ओरडले, "बास झालं आता, आई."

टाकीपासून थोड्या अंतरावर आबा पडले होते.

टाकी भरून वाहते आहे असं वाटून ते बघायला वर आले होते. बाहेरचा जिना, माझ्या कानात हेडफोन, मला कळायचं काही कारणच नव्हतं. सांडलेल्या पाण्यावर घसरले की चक्कर आली, त्यांनाही सांगता येत नाही. मी ओरडले, पाटील काका-काकू धावत आले, आम्ही तिघांनी त्यांना खाली आणलं आणि रिक्षाने दवाखान्यात नेलं. उचलताना त्यांचे पाय हाताला लागले ते तापलेल्या तव्यासारखे. पोटऱ्या लालबुंद. पण चेहरा आणि छाती मात्र थंड होती, सावलीत झोपलेल्या माणसाची असते तशी. तिथे सावली नव्हती हो. मी स्वतः उभी होते तिथे. ऊन डोक्यावर, टाकीची सावली टाकीखालीच, आणि आबा तिच्यापासून लांब.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका आणि शुगर कमी झालेली, आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. सलाईन लावल्यावर आबांनी डोळे उघडले. मी विचारलं, "आबा, कशाला गेलात वर?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुनी माय व्हती. ऊन तोंडवर येवाले लागनं का ती मनावर खाट सरकाडे."

म्हणजे ऊन त्यांच्या तोंडावर आलं की ती खाट त्यांच्यावर सरकवत होती. गच्चीवर खाट वाजते, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "काही वाजतंय का" इतकंच विचारलं होतं.

मी त्याच संध्याकाळी वहिनीला फोन केला. खाट कुठे आहे? ती म्हणाली, गॅलरीत, सकाळीच तिच्यावर कुरडया घातल्यात, जागची हललेली नाही. का विचारताय?

आबा घरी आल्यावर मी गच्चीवर नीट बघितलं. मार्चमध्ये आम्ही उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून स्लॅबला पांढरा रंग दिला होता. त्या रंगावर टाकीकडून आबा पडले होते तिथपर्यंत ओरखडे होते, ताजे, चार पायांचे. भाऊ आला तेव्हा त्यालाही दाखवले. तो म्हणाला, "जुने असतील." रंग मार्चमधला, खाट दोन वर्षांपूर्वी गेलेली, आणि हा म्हणे जुने. मी त्याला म्हटलं, खाट परत आण. त्याने मुकाट्याने टेम्पोतून पाठवून दिली. आबांना न्यायचा विषय त्याने परत काढला नाही. खाटेचे पाय ओरखड्यांवर ठेवून बघितले, चारही बरोबर बसले. तो म्हणतो, सगळ्या खाटा एकाच मापाच्या असतात.

त्यानंतर वर कधी काही वाजलं नाही.

मागच्या रविवारी मी मुद्दाम केलं. गजर बंद केला. सकाळी बसले ते उठलेच नाही. पाणी नाही, जेवण नाही. पाठ मोडायला आली, डोळ्यांसमोर तापी अंधुक दिसायला लागली. वाट बघत होते. एकदा ओढ, म्हटलं, एकदाच. वर काहीही वाजलं नाही.

आता राग कुणाचा ते सांगते. आई गेली ती बिबड्यांच्याच दिवशी. सकाळपासून छातीत दुखत होतं, थापायला आलेल्या बायकांना तिने सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, जरा बस. ती म्हणाली, "एवढा घाटा सरू द्या, मंग बठसू." घाटा गार झाला की थापता येत नाही ना. पातेलं संपलं, बिबडे खाटेवर वाळत पडले आणि मग ती बसली. तिथून उठली नाही. मला गेमवरून उठवायला, नवऱ्यावर सावली धरायला तिला मेल्यावरही वेळ होता. स्वतःला एकदा अर्ध्यावर थांबवायला नव्हता. आणि त्या दिवशी तिच्या हातातलं पातेलं कुणीही काढून घेतलं नाही. त्या सगळ्यांचा राग येतो, तिचा सगळ्यात जास्त.

त्या रविवारी दिवस कलताना मीच सेव्ह केलं आणि उठले. गच्चीवर गेले, खाट ओढत टाकीच्या सावलीत नेली आणि तिच्यावर बसले. जन्मभर आमच्या घरात ती खाट होती, आईला तिच्यावर टेकलेलं मी कधी बघितलं नाही. खालून आबांनी हाक मारली, "कोन खाट ओढी ऱ्हायनं वर?" ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना हे मात्र ऐकू गेलं.

मी म्हटलं, "मीच आहे, आबा. बसलेय जरा."