आईच्या गोळ्यांचा डबा

मार्चमधला एक शनिवार, विम्याची रक्कम चारशे बारा डॉलर, हजर मी आणि एक अनोळखी गृहस्थ. बायकोची लॅबमधली शिफ्ट संपेपर्यंत वेस्टमीडच्या हॉस्पिटलात बसून मी पुण्याहून तीन महिन्यांसाठी येणाऱ्या आईचा विमा मोबाइलवर काढत होतो. फॉर्ममध्ये जुने आजार विचारले होते, म्हणून तिला फोन लावला.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. मी 'नाही' लिहिलं.

शेजारचे गृहस्थ पन्नाशीचे, दाढी वाढलेली. मांडीवरचं एक पत्र ते तळहाताने सपाट करत, घडी घालत आणि पुन्हा उघडत. मी पैसे भरणार एवढ्यात ते मराठीत म्हणाले, "आजार विचारू नका. गोळ्या विचारा."

त्यांचे वडील वर आयसीयूत होते. मुलाला काळजी नको म्हणून त्यांनीही असंच सांगितलं होतं. पत्र विमा कंपनीचं होतं: आजार लपवल्यामुळे दावा नामंजूर. बिल एकसष्ट हजार डॉलरवर गेलं होतं.

मी फॉर्म तसाच थांबवला. व्हिडिओ कॉल करून आईला डबा उघडायला लावला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मला माहीत होत्या, पण तो आजार म्हणून मी कधी धरलाच नव्हता. त्यांच्याखाली जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी निघाली. दहातल्या चार संपलेल्या.

"जिना चढताना छातीत दुखतं रे कधीतरी," आई पुटपुटली.

मी वर पाहिलं तेव्हा ते गृहस्थ लिफ्टकडे निघाले होते. आभार मानायचे राहिलेच.

आईचं तिकीट रद्द केलं. विमा कंपनीला काहीच भरलं नाही. पुण्यातल्या हॉस्पिटलला तिच्या हृदयाच्या धमनीत बसवलेल्या स्टेंटचे दोन लाख दहा हजार रुपये भरले.