तेरावा कोयता

पुस्तक नीट झालंय की नाही हे ठरवायची मुकादम अण्णांची स्वतःची एक पद्धत होती. ते पुस्तक डोक्यावर ठेवत, ताठ उभे राहत आणि मान झटकून ते फरशीवर टाकत. मग वाकून उचलत, पानं चाळत, शिवण बोटानं चाचपत. आमच्या प्रेसमध्ये त्यांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बाइंडर धावतच आला. त्यानं पुस्तक उचलून कपाळाला लावलं आणि अण्णांकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी देव्हाराच पाडला होता. अण्णा शांतपणे म्हणाले, "आरं, मोळी अशीच बघतेत. डोक्यावरून टाकली अन् सुटली, तर बांधणाऱ्याला घरी धाडायचं." त्या पुस्तकाची चार पानं सुटली होती. बाइंडरला घरी धाडलं नाही, पण पुढचे तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, कारण या गिऱ्हाईकाला मीच आणलं असा त्याचा समज होता.

खरं म्हणजे अण्णांनाच मी सापडले होते. ते ऊसतोडीचे मुकादम. दसरा झाला की गावोगावच्या जोड्या गोळा करायच्या, ट्रकमध्ये बसवायच्या, लांबच्या कारखान्यावर न्यायच्या आणि उन्हाळा लागला की परत आणायच्या, हे काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. अण्णा माणसं मोजायचे तीही कोयत्यांनीच. गुडघे गेले तेव्हा ते घरी बसले आणि लांबोडक्या वह्यांमध्ये सगळ्या हंगामांची हकीकत लिहीत सुटले. शिक्षण सातवी. अक्षर एवढं मोठं की एका ओळीत चार शब्द मावायचे. अकरा वह्या भरल्या, तेव्हा घरच्यांना कळलं की म्हातारा हिशोब लिहीत नाहीये.

ते बीडला आले ते साल दुष्काळाचं होतं. पालीच्या धरणात गाळाला भेगा पडल्या होत्या आणि आमच्या गल्लीत टँकर आला की प्रेस बंद करून आम्ही सगळे घागरी घेऊन पळत होतो. लग्नपत्रिका निम्म्यावर आल्या होत्या. पण पाऊस पडो न पडो, सहकारी संस्थेची वार्षिक सभा काही चुकत नाही. दूध संस्था, पतसंस्था, सोसायट्या, साऱ्यांचे अहवाल आमच्याकडे छापायला येत आणि त्यावर आमची चूल पेटत असे. मी तिथे टायपिंग करायचे आणि प्रुफं तपासायचे. अहवालात वाचण्यासारखं काही नसतं, तरी मी तो शब्दन् शब्द वाचायचे. ती माझी खोड होती आणि मालकांच्या मते तो वेळेचा नाश होता.

अण्णांनी पहिल्याच भेटीत माझी चौकशी केली. "ताई, घरी कोण कोण?"

"मी आणि आई."

"मालक?"

"नाहीत. लग्न केलं नाही."

"म्हंजे अर्धा कोयता," ते सहज म्हणाले. एकट्या माणसाला टोळीत असंच म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी चिडलेच असते. "अण्णा, प्रुफं मी तपासते, नवरा नाही तपासत," मी फटकारलं. ते मनापासून हसले. "राग चांगला हाय. पण अर्ध्या कोयत्याला काम अर्धंच देतेत, बरं का." आणि त्यांनी अकरा वह्यांपैकी एकाच वहीची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

पुस्तक स्वतःच काढायचं हे त्यांचं पक्कं होतं. प्रकाशकाच्या दारात वर्षानुवर्षं बसणार नव्हते. पण आपल्याला सगळंच येतं असाही त्यांचा आव नव्हता. "म्या ऊस तोडलाय," ते म्हणत. "साखर करणं माजं काम न्हाई. त्याला कारखानाच लागतो. पर माजा ऊस कोन्त्या कारखान्याला घालायचा, ते म्याच ठरवणार." हे वाक्य मी पुढे किती लेखकांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही.

तीच झेरॉक्स त्यांनी तीन ठिकाणी दिली होती. एक पुण्याकडची संस्था होती. लेखकांची पुस्तकं सुबक काढून देतो, समारंभ करतो, सन्मानपत्रही देतो, अशी त्यांची गुळगुळीत कागदावरची जाहिरात अण्णांनी घडी घालून खिशात ठेवली होती. दुसरा गेवराईचा ओळखीचा प्रेसवाला. तिसरी मी. पुण्याहून आठवड्यात पत्र आलं: आपलं लेखन काळजाला भिडलं, एका अक्षरालाही धक्का लावावासा वाटत नाही. गेवराईवाला म्हणाला, "अण्णा, छापायचंय ना? मग वाचायचं कशाला?" अण्णा म्हणायचे, दोघांत गेवराईवाला बरा, निदान खरं बोलला.

मी मात्र पेन्सिल घेऊन बसले होते. आठ दिवसांनी अण्णा आले तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, दुसऱ्या पानावर तुमची टोळी नागपंचमीला निघालीय. नागपंचमीला कोण ऊस तोडतं? कारखान्याचा बॉयलर तरी पेटलेला असतो का?"

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "घावला! खडा घावला!" तो त्यांनी मुद्दाम टाकला होता. "धान्यात एक खडा म्याच टाकलता. निवडणारी बाई खडा बघती का नुसतं सूप हलवती, ते बघायचं व्हतं." मी खूश झाले, हे कबूल करते. पण माझी खोड तिथेच थांबू देईना. मी पुढचं पान काढलं.

"आणि हा दुसरा खडा. या वहीतल्या जुन्या दुष्काळाच्या हंगामात तुम्ही निघताना तेरा कोयते लिहिलेत. परत येताना ट्रकमध्ये बारा. तेरावा कुठंय?"

हा खडा त्यांनी टाकलेला नव्हता. अण्णांचं हसू मावळलं. त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतले, पिशवीत कोंबले आणि पायऱ्या उतरून गेले. गुडघ्यांमुळे एकेका पायरीवर थांबत होते, तरी वळून पाहिलं नाही.

मालकांनी माझी खरडपट्टी काढली. "गिऱ्हाईकाला प्रश्न विचारतात का? लग्नपत्रिका छापताना मुहूर्त कुणी काढला विचारतेस का?" मी तोंड वर करून भांडले, पण आतून मला फार वाईट वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाचण्यासारखं काहीतरी हाताला लागलं होतं आणि मीच ते घालवलं होतं. त्यात कानावर आलं की त्यांच्या भागातल्या कारखान्याचे चेअरमनसाहेब अण्णांचं पुस्तक काढून देणार आहेत. हॉल, हार, पेढे, सगळं त्यांचं. अट एवढीच की पहिल्या पानावर साहेबांचा फोटो आणि त्यामागे साहेबांचं दोन पानी मनोगत. मी मनाशी म्हटलं, संपलं.

महिन्यानं अण्णा उगवले. पिशवीतून अकरा वह्या निघाल्या आणि त्यांवर त्यांनी बारावी ठेवली. "वाच," म्हणाले. पहिलीच ओळ होती: त्या हंगामात मी चुकलो.

तेरावा कोयता कौसाबाईचा होता. त्या दुष्काळात गावात प्यायला पाणी नव्हतं, तिकडे फडात ऊस उभा होता आणि कारखाना घाई करत होता. कौसाबाईला ताप भरला. तिनं सुट्टी मागितली आणि अण्णांनी दिली नाही. भर फडात तिनं कोयता खाली ठेवला, सगळ्यांदेखत अण्णांना म्हणाली, "तुजी बायकू तापली असती तर फडात धाडली असतीस का?" आणि नवऱ्याला घेऊन चालती झाली. मुकादमाला असं सोडून जायची कुणाची छाती नसायची. पुढच्या दसऱ्याला तिनं स्वतःच सहा जोड्या जमवल्या आणि टोळी घेऊन निघाली. तापल्या माणसानं फडात उतरायचं नाही, हा तिचा पहिला नियम. त्या सहा जोड्यांतल्या चार अण्णांच्या टोळीतल्या होत्या.

"एवढं का लपवलंत, अण्णा?"

"लई लाज वाटायची, ताई. अकरा वह्यांत म्या कुठंच हारलो न्हाई. अन् तू बोट ठिवलंस ते बरोबर तिथंच."

लिहून झाल्यावर ते ही वही घेऊन कौसाबाईच्या गावी गेले होते. तिला वाचता येत नाही. तिच्या सुनेनं वाचून दाखवलं. सगळं ऐकून कौसाबाईनं एकच दुरुस्ती सांगितली होती: "दोन दिवस लिवलंस. म्या एकच दिवस मागितलता." अण्णांनी दोन खोडून एक केलं होतं. त्यामुळे त्यांची चूक आणखी मोठी झाली होती, हे त्यांनाही कळत होतं.

चेअरमनसाहेबांना त्यांनी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. "म्हणलं, साहेब, तुमचा फोटू अहवालात शोभतो. फडात तुमी न्हवता." हे ऐकून मी इतकी पेटले की दोन आठवडे मान वर न करता बारा वह्या टाइप केल्या. पहिलं प्रूफ अण्णांच्या हातात दिलं आणि माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. नवी फाइल करायचा कंटाळा म्हणून मी एका जुन्या अहवालाच्या फाइलवरच मजकूर चढवला होता. त्यामुळे अण्णांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर रिकामी चौकट होती, आत 'मा. चेअरमन यांचा फोटो' अशी अक्षरं, आणि खाली 'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो'! जगाचे खडे निवडणारी बाई, आणि स्वतःच्या सुपात धोंडा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अण्णांनी चष्मा पुसून ते पान दोनदा वाचलं. "चेअरमन काढ," ते म्हणाले. "सभासद ऱ्हाऊ दे. ज्यानं ज्यानं ऊस तोडला, त्यो ह्या पुस्तकाचा सभासद हाय." पुस्तक तसंच निघालं. आजही ते 'सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो' या ओळीनंच सुरू होतं आणि समीक्षकांना ती लेखकाची मोठी कल्पकता वाटते. मी कुणाला काही सांगत नाही.

बाइंडरनं ईर्ष्येनं शिवलेलं पुस्तक फरशीवरून तिसऱ्या वेळी अख्खं उठलं आणि अण्णांनी प्रकाशनाची जागा ठरवली: चारा छावणी. "हॉलात कोण येतंय? सगळं गाव तर जनावरं घिऊन छावणीत हाय." म्हशींच्या दावणीला लागून मांडव पडला. माणसं कडब्यावर बसली. चेअरमनसाहेबही आले, न बोलावता, जीपमधून. मांडवात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कौसाबाई बसलेली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते कडब्याच्या पेंढीवर टेकले. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होऊ नये, पण झाला.

कौसाबाईनं प्रतींच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, वरचं पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. मग उभी राहिली, ते चुंबळीशिवाय डोक्यावर ठेवलं आणि मान झटकून खाली टाकलं. पुस्तक मिटलेलं, जसंच्या तसं पडलं. "बांधलीय चांगली," ती म्हणाली, आणि जो काय गलका झाला त्यानं म्हशी दावं ओढायला लागल्या. मग तिच्या सुनेनं बाराव्या वहीचं प्रकरण वाचलं. अण्णा तोपर्यंत मान खाली घालून उभे होते. वाचन संपल्यावर कौसाबाई त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "एक दिस. बरोबर लिवलंय. आता वर बघ, अण्णा." अण्णांनी वर पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण त्याला असं मोकळं झालेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नेलेल्या प्रती संध्याकाळच्या आत संपल्या. मांडवातून निघताना म्हातारे तोडकरी आपलं नाव कुठल्या पानावर आहे ते मुलांना शोधायला लावत होते.

पुढे पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या. 'मुकादमाचं पुस्तक केलेली बाई' कुठंय असं विचारत लोक प्रेसच्या पायऱ्या चढू लागले, तेव्हा मालकच म्हणाले, "तू आता तुझं दुकान टाक, माझे अहवाल राहतात." मी टाकलं. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे किती तरी लेखक आजवर माझ्याकडे आले. मी त्यांना दर सांगायच्या आधी एक वही मागते आणि म्हणते, दोन-तीन ठिकाणी द्या, कोण काय विचारतंय ते बघा, मग ठरवा. काही जण 'अप्रतिम' म्हणणाऱ्याकडे जातात. जाऊ देत.

अण्णा गेले त्यानंतर पंधरवड्यानं कौसाबाई माझ्या ऑफिसात आली. एसटीनं, एकटी. पदराखालून तिनं अण्णांची स्वतःची प्रत काढली, वापरून मऊ झालेली, पण एक पान सुटलं नव्हतं. "तुला द्यायला सांगून गेला. शेवटचं पान बघ म्हणलाय."

शेवटच्या पानावर त्या हंगामाच्या तेरा कोयत्यांची यादी छापलेली आहे, जोडीजोडीनं. तिच्याखाली, एका ओळीत चारच शब्द मावतील अशा अक्षरात, अण्णांनी पेनानं चौदावा आकडा घातला होता. त्यापुढे माझं एकटीचं नाव. आणि त्याखाली: अर्धा न्हाई. पुरा.

मला पुढचं काही दिसेना. कौसाबाई म्हणाली, "काय लिवलंय ते वाच की." मी वाचलं.

"मंग?" ती म्हणाली. "माणसं मोजायला त्यो एकदाच चुकलता, माज्या येळंला."