एकोणीस काड्या

आमच्या सासऱ्यांनी बावीस वर्षं एकाच झाडाचा ध्यास घेतला. किडे मारणाऱ्या पांढऱ्या शेवंतीचं झाड. तिची फुलं वाळवून कारखाना कीटकनाशक पावडर करतो. त्या कारखान्याच्या रोपवाटिकेत बाबा कामाला; तिथल्या हजारो झाडांतून त्यांनी एक हेरलं होतं, त्याच्या फुलांत विष दुप्पट उतरायचं. पण खाण तशी माती हे इथे चालत नाही. बी पेरलं की लेकरू भलतंच निघतं. म्हणून दरवर्षी त्याच्याच काड्या कापायच्या, वाळूत खोचायच्या, मुळं फुटली की वाफ्यात लावायच्या.

यंदा वाफ्यात मूळकूज शिरली. रोग पसरू नये म्हणून तिथल्या साहेबांनी झाडून सगळी झाडं उपटून जाळायला लावली. बाबा जेवणाच्या डब्यात एकोणीस काड्या लपवून घरी आले. त्या गेल्या की त्यांचं झाड जगातूनच गेलं.

ओलसर जागा म्हणून काड्या खोचलेला वाळूचा ट्रे न्हाणीघरात ठेवला. आम्ही बादल्या घेऊन शेजाऱ्यांकडे आंघोळीला, आणि बाबा स्टुलावर बसून पाणी फवारताहेत! घराचं पार हसं झालं.

विसाव्या दिवशी सासूबाई आनंदाने ओरडल्या, "अहो, कळ्या आल्या बघा!"

बाबांनी लगेच एक कळी खुडली. "कळ्या कशाला हव्यात गं? मुळं हवीत! फुलावर आलेले दांडेच कापावे लागले मला. कोवळे फुटवे उरलेच नव्हते. आता हे फुलणार आणि मरणार."

रोज सकाळी ते कळ्या खुडायचे, रोज एखादी काडी काळी पडायची. त्यांचं जेवण सुटलं. मी चिडून म्हटलं, "बाबा, एका काडीपायी जीव द्याल का?"

"बावीस वर्षं दिलीच आहेत," ते म्हणाले. मला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी एकच उरली. हिरवी होती, पण खाली मूळ आहे की नाही, कळेना. काडी ओढून बघायची नसते, हे रोपवाटिकेत पहिल्या दिवशी शिकवतात. बाबांनीच कितीजणांना शिकवलं असेल.

त्या दुपारी मी धुणं घेऊन न्हाणीघरात गेले, तर ओढून काढलेली काडी बाबांच्या चिमटीत. बूड गुळगुळीत.

"नव्हतंच मूळ," ते म्हणाले. सुटल्यासारखा त्यांचा आवाज होता. "उगाच आशा."

मी ट्रेकडे पाहिलं. वाळूतल्या खळग्यात मुळांचे केसाएवढे दोन पांढरे धागे होते, नुकतेच तुटलेले. मी बोटाने वाळू ओढून ते झाकले.

"हो बाबा," मी म्हटलं, "नव्हतंच."