देव्हाऱ्यातलं कुंकू

मध्यभारताची राजधानी वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायची. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. आमचे थोरले भाऊ, दादा, सचिवालयात, त्यामुळे तेही बायको-मुलीला घेऊन फायलींच्या पेट्यांबरोबर जात-येत. एक फाईल इकडची तिकडे झाली तर त्यांना जेवण जात नसे. आई मात्र इंदूरला मल्हारगंजच्या घरात माझ्याकडे राहायची, कारण "तिला प्रवास झेपणार नाही." मी बिनलग्नाची, म्हणजे रिकामीच. तिच्यासाठी मी शाळेतली नोकरी सोडली तेव्हा ग्वाल्हेरहून पोस्टकार्डावर 'शाबास' आलं.

अल्झायमर हा शब्द मी फार नंतर ऐकला. तेव्हा वैद्य म्हातारचळ म्हणाले आणि तुकोगंजातले डॉक्टर "उमर का तकाज़ा है" म्हणून मोकळे झाले. आई आधी आमटीत दोनदा मीठ घालू लागली, मग गल्ली विसरली, मग माझं नाव. शेवटी बाबा वारले हेही विसरली. एका दुपारी तिने देव्हाऱ्यातला करंडा काढला, कपाळावर मेण लावून ठसठशीत कुंकू टेकवलं आणि म्हणाली, "ते कचेरीतून येतील. पाणी तापव."

मी काय केलं? पदराने कुंकू पुसलं आणि सांगितलं, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ती अशी रडली, जणू ते गेल्याची तार आत्ताच आली असावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू, पुन्हा माझा पदर, पुन्हा तीच बातमी. महिनाभर हे चाललं. खरं बोलायची हौस ना मला! आईला रोज नव्याने विधवा करायचं, आणि शेजारणीला सांगायचं की मी तिची सेवा करते. मग एकदा माझी मलाच किळस आली, आणि करंडा मी तिच्या हाताशी ठेवून दिला.

उन्हाळ्यात राजधानी आली, दादा आले. त्यांची नजर थेट आईच्या कपाळावर. ती कशी आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

"अगं, ये क्या तमाशा लावलाय? परवा पोरीला बघायला मेहमान येतायत. पुसून टाक ते."

"तुम्हीच पुसा," मी म्हणाले. "आणि का पुसता तेही सांगा तिला."

दादांनी पंचा ओला केला. आईने शहाण्या मुलासारखं कपाळ पुढे केलं. "का रे, काय लागलंय?" ज्यांच्या टिपणीवर म्हणे मंत्री डोळे मिटून सही करत, त्यांचा पंचा कपाळापर्यंत पोचेना. त्यांनी तिचे गाल पुसले आणि पंचा माझ्या अंगावर टाकला.

"परवा मागच्या खोलीत ठेव तिला. दार लावून."

मी दार लावलं नाही.

बघायला आलेल्या मुलाची आजी सगळ्यांत पुढे बसली होती. पांढरं पातळ, मोकळं कपाळ. पोहे फिरत असताना आई करंडा घेऊन बाहेर आली. घरी आलेल्या बाईला कुंकू लावायचं एवढंच ती विसरली नव्हती. तिने आजीची हनुवटी धरली आणि लावलं.

दादा ताडकन उठले. "माफ करा, आमची आई जरा... दिमाग का मामला आहे..."

आजीचा हात वर आला. मला वाटलं, पुसणार. तिने दादांनाच थांबवलं. "बसा हो. पोहे गार होतायत." बैठक संपेपर्यंत ते कुंकू तिच्या कपाळावर तसंच होतं. लग्न पुढे जमलं. दादांनी श्रेय पत्रिकेला दिलं.

निघताना आजी दाराआड थांबली. बाकीचे पुढे गेले होते.

"रोज लावतात?"

"रोज."

"आणि तुम्ही लावू देता?"

"आधी नव्हते देत," मी म्हणाले. त्या महिन्याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

 गल्लीत पाय टाकण्याआधी तिने पदराच्या टोकाने कपाळ हळूच टिपलं, लाल झालेलं टोक आतल्या बाजूला दुमडलं आणि कमरेला घट्ट खोचलं.