अकबराच्या शेवटच्या पानावरची खूण

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा चिडतो. नीट चौकशी केली तर कारण सापडतंच, असं माझं मत होतं. अजूनही आहे... म्हणूनच हे लिहायला मला सात वर्षं लागली.

आम्ही रत्नागिरीकडचे. वडील लवकर गेले. थोरल्या भाईंनी अकराव्या वर्षी रंधा हातात धरला, म्हणून मी बी. ए. झालो. त्यांना मात्र सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं. पुढे ते ओमानमध्ये बरक्याला दरवाजे बनवायचे. नव्वदनंतर मीही तिथेच एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागलो.

गावाहून ओमानला येताना मी अकबरावरचं एक जुनं मराठी पुस्तक आणलं होतं. शुक्रवारी नमाज आणि जेवण झालं की ते भाईंना वाचून दाखवायचो. अकबरालाही वाचता येत नव्हतं. तो रोज पुस्तकं वाचून घ्यायचा आणि वाचन थांबेल तिथे स्वतःच्या हाताने खूण करायचा. हे ऐकल्यावर भाईंनी कानामागची चपटी पेन्सिल काढली. त्या दिवसापासून मी बोट ठेवीन त्या ओळीखाली त्यांची खूण — तिरकी रेघ, टोकाला टिंब. फळीची चांगली बाजू दाखवायलाही ते हीच खूण करत.

"पातशहाला वाचणारे पन्नास असतील, मुन्शी," ते मला टोमणा मारायचे, "मला तू एकटा. तोही शुक्रवारचा."

फत्तेपूर सिक्रीत दगड लाकडासारखे सांधून बसवलेत, हे त्यांनी तीनदा वाचून घेतलं. पंडितांचे वादविवाद आले की झोपायचे. खूण मात्र उठून करायचे.

शेवटचं प्रकरण राहिलं आणि मला लांब सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली. पुस्तक भाईंच्या ट्रंकेत राहिलं. त्या प्रकरणाची पानं वरून आणि बाजूने जोडलेलीच होती, जुन्या पुस्तकांची असतात तशी. ती अजून कापायची होती. दोन शुक्रवार मी गेलो नाही. कारण काही नव्हतं, कंटाळा आला होता.

भाईंचा फोन आला. "पातशहा आहे ना अजून?"

"आहे, भाई."

"मग ये सवडीने. तू वाचल्याशिवाय मरायचा नाही तो."

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी भाई वर्कशॉपमध्येच गेले. हार्ट अटॅक. दफन बरक्यालाच झालं.

भाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावरच्या शुक्रवारी मी त्यांच्या खाटेवर बसलो, त्यांच्याच चाकूने पानं कापली आणि मोठ्याने वाचू लागलो. अकबर आजारी पडला, गेला. नुकतंच कापलेलं आतलं शेवटचं पान उलटलं — आणि शेवटच्या ओळीखाली तिरकी रेघ. टोकाला टिंब.

मी भाईंच्या खोलीत राहणाऱ्या सगळ्यांना विचारलं. दोघे केरळचे, एक सियालकोटचा. मराठी कोणालाच वाचता येत नव्हती. एका मित्राने सांगितलं की पेन्सिल खालून सरकवता येते. मी दुसऱ्या जोडलेल्या पानांवर करून बघितलं. चपटी पेन्सिल आत जात नाही, कागद फाटतो. बायको म्हणाली, दुःखात तुम्हीच केली असेल. मौलवींनी दुआ सांगितली, डॉक्टरांनी झोपेची गोळी. प्रत्येकाकडे काहीतरी होतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर सोडून.

ते आजही मला सापडलेलं नाही. पण खूण कशी झाली, याच्याशी मी आता फारसा झगडत नाही. मला छळतं ते निराळंच आहे. कोणीतरी वाचून थांबल्याशिवाय भाईंनी कधीच खूण केली नव्हती.

मग माझ्या जागी बसून त्यांना ते वाचून दाखवलं कोणी?