दादाची वाकलेली मान

मी पायाळू आहे, आणि आज माझ्या दादाला जाऊन एक वर्ष झालं.
या दोन गोष्टींचा संबंध आहे. तो मी वर्षभर कुणाला सांगितला नाही.

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेली. आमच्याकडे मानतात, कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने तिथे तीनदा पाय लावायचा. उसण पळते.

शाळेत होते तेव्हापासून लोक माझ्यापुढे पालथे पडायचे. चांगले मिशीवाले बापे! मला भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक दादा.

दादा मांडवा जेट्टीवर मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवायचा. बोटीतून उतरलेली माणसं किहीमला, अलिबागला सोडायची.
तिशीतच त्याची पाठ सकाळी लाकूड व्हायची. दोन फेऱ्या मारल्या की मोकळी.

"ये गो बाय, दे पाय," म्हणायचा.
मी द्यायचे.
"लय बरं वाटलं," म्हणायचा.

आम्हा दोघांनाही ते खरं वाटायचं. अशी दहा-बारा वर्षं आम्ही घालवली. डॉक्टर कशाला, घरात मी होते ना.

मग पाठीला बाक आला. आम्ही म्हटलं, दिवसभर स्टिअरिंगवर वाकून बसतो, होणारच.

मग मान वळेना. त्याने गाडीत जास्तीचे दोन आरसे लावून घेतले.

मग हनुवटी छातीकडे उतरायला लागली. दरवर्षी थोडी थोडी. गणपतीला माहेरी सगळे जमलो की आम्ही नजरेनेच मोजायचो.

शेवटी समोरचा माणूस त्याला जेमतेम गुडघ्यापर्यंत दिसायचा. गाडी चालवणं सुटलं. गावातल्या माणसांना तो चपलांवरून ओळखायला लागला.
"बाय, तुझ्या चपलेचा अंगठा तुटाय आलाय. दाजींना सांग, नवीन घ्या."
स्वतःच हसायचा. मला हसू यायचं नाही.

अलिबागला एक्स-रे काढला तेव्हा फार उशीर झाला होता.
डॉक्टर म्हणाले, "मणके एकमेकांना चिकटलेत. पाठ आणि मान मिळून आता एकच हाड झालंय, आणि ते खडूसारखं ठिसूळ आहे. यांना पडू देऊ नका."

मुंबईला ऑपरेशन होत होतं, पण जिवाला धोका होता. दादा म्हणाला, "वर बघून काय करायचं हाय? पाय ठेवायची जागा दिसते ना, बस."

त्या दिवसापासून मी त्याच्या पाठीला पाय लावला नाही.
बाकीच्यांना लावत राहिले.

वहिनीने ओटीच्या पायऱ्यांना धरायला दोरी बांधली. अंगणातलं शेवाळ ती रोज खरवडून काढायची. रात्री दादा डोक्याखाली तीन उश्या घेऊन झोपायचा. तो एक दिवस पडणार, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं.

तो पडला भर दुपारी.
वहिनी शेतावर गेली होती. शेवटच्या पायरीवरून पाय सटकला, इतकंच. एक पायरी!

माझं सासर दोन आळ्या सोडून. आरडाओरडा ऐकून मी धावत गेले. दादा कुशीवर पडला होता, पण शुद्धीत होता. हातपाय हलत होते.
"काय न्हाय गो, मानेत कळ आलीय," म्हणाला. माझं मनगट घट्ट धरलं.

शेजारी जमले होते. मला बघून सगळे बाजूला झाले.
"सरका, ताई आली. तिला पाठीतलं कळतं."

मला पाठीतलं कळतं!

मी म्हटलं, "सरळ झोपवा त्याला."

दोघांनी खांदे धरून त्याला उताणा केला. डोकं जमिनीला टेकेना. वीतभर अधांतरी राहिलं. मला ते बघवेना.
मी कपाळावर तळवा ठेवला आणि खाली दाबलं.

"नको गो बाय," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "थांब जरा, बरं वाटेल."

बारीकसा आवाज झाला. सुकी काटकी मोडावी तसा. बाकी कुणाला ऐकूही आला नसेल.
माझ्या मनगटावरचा त्याचा हात सुटला. तो हात पुन्हा हलला नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलात चार दिवस काढले त्याने.
तिथल्या डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. "पडल्यावर हातपाय हलत होते?"
"हो."
"मग झोपवताना कुणी मान सरळ केली का? अशा पेशंटला वाकलाय तसाच ठेवायचा असतो, डोक्याखाली उश्या देऊन."

मी म्हटलं, "माहीत नाही."

गावात लोक म्हणाले, ताई वेळेवर पोचली म्हणून चार दिवस तरी मिळाले. मी ऐकून घेतलं.

आज वर्षश्राद्धाला वहिनीचा भाचा आलाय. अठ्ठावीस वर्षांचा, उंचापुरा. म्हणाला, "सकाळी उठलं की पाठ लाकूड होते. दिवसभर राबलो की मोकळी."
मी हातातलं ताट खाली ठेवलं.

वहिनी त्याला म्हणाली, "पालथा पड. वन्संच्या पायाला गुण हाय. ह्यांना लय आराम पडायचा."
आणि माझ्याकडे वळून, "द्या ना वन्सं."

पोरगा चटईवर पालथा पडला. सगळे माझ्याकडे बघत होते.
मी एवढंच म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जा. आधी एक्स-रे काढ." आणि वर निघून आले. खाली लोक हसत होते. कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या गावात दुसरी पायाळू हाय, तिच्याकडे जा.

त्याला जाऊ देऊ नका. हे मी माडीवरून, मोबाइलवर, सगळे वाचतील असं लिहितेय, कारण आता गप्प बसले तर तो जाईल.

वहिनी, तू खाली भांडी आवरते आहेस. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. त्या दुपारी दादाची मान मी दाबली. डॉक्टरांशी खोटं मी बोलले.
वाचून झालं की वर ये. नाही आलीस तरी समजेन.

दादा, तुला नमस्कार. माफी मागायला मला तोंड नाही.