आत्याच्या मशीनचा तपासणी अहवाल

आत्या गेली तेव्हा तिच्या सामानाची वाटणी पंधरा मिनिटांत झाली. भांडी धाकट्या भावाकडे गेली, कपाट शेजारच्या बाईंना दिलं, आणि हाताने फिरवायची शिलाई मशीन माझ्या वाट्याला आली. भाऊ म्हणाला, "दादा, तू कारखान्यातला माणूस. लोखंड तूच सांभाळ."

मी एकतीस वर्षं आमच्या या हिंदी भाषक शहरातल्या संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होतो. तयार झालेला भाग मापून पास की नापास ते सांगायचं, एवढंच माझं काम. शिलाई मशीनचा आणि माझा संबंध आत्याने शिवलेल्या शर्टांपुरता. त्यामुळे लाकडी झाकणाखाली ती दोन वर्षं व्हरांड्यात पडून राहिली. या हिवाळ्यात आम्ही जुनं घर सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं, आणि बायकोने दोन याद्या केल्या. एक न्यायच्या वस्तूंची, एक काढायच्या. मशीन दुसऱ्या यादीत होती.

"काढू," मी म्हणालो, "पण भंगारात नाही. आधी ती काय आहे ते कळू दे, मग किंमत ठरवू."

"ठरवा ना. पण पुढच्या दिवाळीपर्यंत ठरवत बसू नका."

कंपनीचं नाव पार पुसून गेलं होतं. काळ्या रंगावर सोनेरी वेलबुट्टीचे तुकडे तेवढे उरले होते. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, पायावर नंबर असतो. तो वाचा, त्याच्या पहिल्या अक्षरावरून कंपनी आणि साल कळतं. मी नेटवर यादी बघते." मी टॉर्च लावून वाचला. सुरुवातीचं अक्षर एफ, पुढे सात आकडे. यादीप्रमाणे मशीन विलायतेत तयार झालेली आणि शंभरी कधीच ओलांडलेली निघाली. मुलगी ओरडलीच. बायकोनेही त्या संध्याकाळी मशीनवरची धूळ स्वतः पुसली.

मला मात्र झोप लागेना. कारखान्यात एकदा वाचलेला आकडा आम्ही दुसऱ्यांदा वाचायचो. सकाळी जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून नंबर घासला, वर खडू फिरवला. एफच्या पायाशी मळात दडलेली एक आडवी रेघ पांढरी होऊन वर आली. तो एफ नव्हता, ई होता. मशीन एका फटक्यात पंचवीस वर्षांनी तरुण झाली.

"कोणाला सांगू नका," बायको म्हणाली.

"असं कसं? चुकीचं वय सांगून विकायचं?"

मी जाहिरात लिहिली. त्यात खरं वय लिहिलं. शिवाय हँडलचा लाकडी दांडा मूळचा नाही, रंग तीन ठिकाणी उडालेला, झाकणाची किल्ली हरवलेली, दोरा ताणायची स्प्रिंग ढिली, हेही लिहिलं. बायकोने वाचून चष्मा काढला.

"अहो, तुम्ही मशीन विकून राहिले की नापास करून राहिले?"

तरीही दुसऱ्या दिवशी शहपुऱ्याहून मोटरसायकलवर दोघं जण आले. त्यांनी जाहिरात वाचलेलीच नव्हती, नुसता फोटो पाहिला होता. मशीनकडे न बघता त्यांनी माझ्या हातात एक मोबाइल दिला.

"अंकल, इसको सुई के पास ले जाइए. पुरानी मशीन में एक लाल पारा होता है. नेटवर्क गायब हुआ तो समझो असली है. हम दो लाख देंगे."

"भैया, इसमें तेल होता है. दूसरा कुछ नहीं होता," मी म्हणालो. जुन्या मशीनमध्ये लाखमोलाचा पारा असतो ही अफवा मी ऐकून होतो, तरी त्यांच्या समाधानासाठी फोन सुईजवळ धरला. नेटवर्क जायचं राहिलं बाजूला, फोन खणखणून वाजला. मोटरसायकलवाल्याची बायको होती. गहू दळायला दिले की नाही, असं विचारत होती. दोघांनी चहा घेतला आणि निराश होऊन गेले. आमची ही दाराआड तोंडात पदर धरून हसत होती.

आता जाणकाराला दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी मशीन ऑटोत घालून बाजारात, फुहारा म्हणतात त्या कारंज्याजवळच्या गल्लीत एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. ते चाळीस वर्षं शिलाई मशीनच दुरुस्त करतात. त्यांनी नंबर पाहिला नाही की वेलबुट्टीही पाहिली नाही. हँडल चार वेळा फिरवून डोळे मिटून आवाज ऐकला. मग सुईखालची पट्टी उघडून आतली, खालचा दोरा धरणारी होडीसारखी लांबट शटल काढली. मग कापड पुढे सरकवणारे दात सोडवले, आणि त्यांच्याखालून चिमट्याने एक घट्ट गोळा बाहेर ओढला.

"सिलती कौन थीं इस पर?"

"मेरी बुआ. ब्लाउज, फ्रॉक, बच्चों के कपड़े."

"ब्लाउज से ऐसा नहीं होता, भाई साहब."

त्यांनी तो गोळा माझ्या तळहातावर ठेवला. लाल लोकरी कापडाचं तूस होतं ते, आणि त्यात गुंतलेल्या सोनेरी जरीच्या तारा. कापड दाबणाऱ्या लोखंडी पायालाही एका बाजूने खोबण पडली होती. जरीची जाड पट्टी वर्षानुवर्षं घासून गेल्याशिवाय ती पडत नाही, असं ते म्हणाले.

"ये बैंड-बाजे की वर्दी है. पीछे की गली में पूछ लीजिए."

मी हसलोच. माझी आत्या! सकाळच्या शाळेत संस्कृत शिकवणारी, इस्त्रीची सुती साडी नेसणारी, लग्नाच्या वरातीत कधीही न नाचलेली बाई. पण हसता हसता मला आठवलं, की कुठल्याही वरातीत ती बँडच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची आणि वाजवणाऱ्यांच्या खांद्यांकडे, कॉलरांकडे बघत बसायची. आम्हाला वाटायचं, तिला संगीताची आवड आहे.

मागच्या गल्लीत बँडची तीन दुकानं होती. दोघांना काही माहीत नव्हतं. तिसऱ्या दुकानात सत्तरीचे मालक भिंतीवर टांगलेला बाजा पुसत बसले होते. मी आत्याचं वर्णन केलं, तसे ते उठून उभे राहिले.

"मास्टरनी दीदी! आप उनके कौन?"

मी भाचा म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. आत्याने बावीस वर्षं त्यांच्या बँडच्या वर्द्या शिवल्या होत्या. कापड दुपारी घरी पोचायचं आणि शिवलेली वर्दी दुपारीच बाहेर पडायची, कारण माझे आजोबा सिविल लाइंसमधल्या कचेरीत असायचे तेव्हाच ते शक्य होतं. कचेरीतल्या बड्या बाबूची मुलगी बँडवाल्यांचे कोट शिवते, हे आजोबांना सोसलं नसतं. नंतर आजोबा राहिले नाहीत, तरी सांगायचं राहून गेलं असावं.

मालकांनी ट्रंकेतून एक जुना लाल कोट काढला आणि त्याचं अस्तर उलटून दाखवलं. आत छातीपाशी बटणाची एक छोटी जेब होती.

"ये दीदी का दिमाग था. बारात में लोग नोट लुटाते हैं, हाथ में बाजा, रखें कहाँ? आधे गिर जाते थे. दीदी ने बिना कहे सबके कोट में जेब लगा दी. एक पैसा ज़्यादा नहीं लिया."

मी त्या जेबेचे टाके बघत राहिलो. एकसारखे, घट्ट, कोपऱ्यात दुहेरी. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं निर्दोष काम क्वचित पास केलं असेल. मला अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. एवढी मजेदार गोष्ट ही बाई एकटीच घेऊन बसली होती!

मशीन विकायची आहे म्हटल्यावर मालक म्हणाले, मीच घेतो. दुरुस्तीला बाहेर दिलेल्या वर्द्या वेळेवर येत नाहीत, आणि त्यांच्या सुनेला शिवण येतं. मी इमानदारीने सगळे दोष सांगितले. वयही सांगितलं. ते ऐकत होते, पण लक्ष देत नव्हते. मिस्त्रींनी चालू मशीन म्हणून चार हजार सांगितले होते, हौशी गिऱ्हाईक मिळालं तर सात. तेही मी सांगून टाकलं आणि चार म्हणालो. ते म्हणाले, सात. आयुष्यात पहिल्यांदाच मी भाव पाडायला भांडलो आणि गिऱ्हाईक चढवायला. शेवटी साडेपाचवर हात मिळाला.

रविवारी दुपारी ते मशीन न्यायला आले. संध्याकाळी पनागरला त्यांना एका वरातीत वाजवायचं होतं, म्हणून लोडर ऑटोत मागे चौघं वाजवणारे पूर्ण वर्दीत बसून होते. गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. समोरच्या काकू तर चपला घालून बाहेरच आल्या.

"काहून हो, कोणाचं लग्न आहे? आम्हाला पत्रिका नाही!"

बायकोने सगळ्यांना चहा आणि चिवडा दिला. मालकांनी मशीनला हार घातला, तो माझ्यासाठी असावा असं मला क्षणभर वाटलं होतं. मग त्यांनी वाजवणाऱ्यांकडे बघून मान हलवली, आणि आमच्या फाटकाशी, भर दुपारी, चौघांनी एक खणखणीत वरातीची चाल वाजवली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. आमची ही, जिने गेल्या तीस वर्षांत मला एकाही लग्नात नाचू दिलं नाही, ती चक्क दोन पावलं नाचली.

मी खिशातून पन्नासची नोट काढून ओवाळली आणि ट्रम्पेटवाल्याला दिली. त्याने बाजा काखेत धरला, कोटाचं बटण उघडलं आणि नोट आतल्या जेबेत ठेवली.